समुद्र न बघितलेल्यांची डिग्री

एक शेळी कुपाटीच्या भोकातून निसटली की मागनं सगळा कळप निसटतो. मंग तुमी कितीबी काठी आपटा. किस्स्यांचं तसंच असतं बघा. परवा मी सहज म्हणलं, "काय रे प्रकाश, तुमच्या सरांनी भाकर काट्यानं खायला लावली होती, आठवतं का?" झालं! एकामागं एक निघत गेले, अन् चहा दोनदा गार झाला. तवा प्रकाश म्हणला, "आजी, हे लिहून ठेवू." मला अक्षर येत न्हाई. मी बोलून राहिले, तो लिहून राहिला. त्याचा सवताचा किस्सा आला की त्याचा पेन थांबतो. मंग मीबी थांबते. लिहील न्हाई तर जाईल कुठं!

तर हे किस्से हिंगोलीतल्या एका खोलीतले आहेत. जिल्हा नवाच झाला होता, परभणीतून फुटून. नवा जिल्हा, नवं कॉलेज, अन् त्या कॉलेजात नवी डिग्री. इंटरनॅशनल बिझनेस! बी.कॉम.च्या वरची, दोन वर्सांची. माझी नात सुनंदा ती शिकायची म्हणून हटून बसली.

आमी कुरुंद्याचे. हळदीचं रान, चार शेरडं. सुनंदाचा बाप मंजे माझा थोरला, बाबाराव. त्यानं आधी न्हाईच म्हणलं. पोरीनं भाकरीला हात लावणं सोडलं. मंग मी मदी पडले. म्हणलं, "एकटी पोरगी शहरात कशी ठेवायची, हीच तकलीफ ना तुला? मी जाते तिच्यासंग. खोली करून राहतो."

बाबाराव म्हणला, "बराबर. दोन वर्सं. नोकरी लागली तर मी चकार शब्द बोलणार न्हाई. न लागली तर मी दाखवीन त्या पोरासंग गुमान उभं राहायचं. कबूल?"

सुनंदा म्हणली, "व्हय."

त्या एका 'व्हय'वर आमची खोली उभी होती.

* * *

गावात पहिला सवाल निघाला, ही पोरगी शिकती तरी काय? सुनंदा एकदा पिठाच्या गिरणीवर गेली, तर बायांनी घेरलं. तिनं नीट समजावून सांगितलं, "एका देशातला माल दुसऱ्या देशात कसा विकायचा, ते शिकून राहिले."

आमच्या भावकीतला सखाराम आबा तिथंच दळणासाठी बसला होता. तो म्हणला, "मंजे धंदाच ना?"

"व्हय आबा, धंदाच."

"पोरी, वारंगा फाट्यावरचा भजेवाला तिसरीत नापास झाला. त्याचे भजे खायला पार पंजाबचे ट्रकवाले थांबतात! त्यानं कोणती डिग्री केली?"

बाया हसल्या. गिरणीवालाबी पट्टा थांबवून हसला. सुनंदा डबा डोक्यावर घेऊन घरी आली अन् मला म्हणली, "आजी, नोकरी लागली की पहिले पेढे या आबाला."

हे कुणीतरी आबाला जाऊन सांगितलं. तवापासून म्हातारा भेटला की मलाच विचारायचा, "काय गं, माझे पेढे?" पहिलं वर्स विचारलं, दुसरं वर्स विचारलं. शेवटी अंथरुणाला खिळला तरी विचारायचा. तोंडाला चव न्हाई, डॉक्टरनं गोड बंद केलेलं, पण पेढ्याची वाट बघायचा.

तसाच गेला.

* * *

वर्गात बाकडी भरपूर होती म्हणे. पोरं तीन! एक सुनंदा. दुसरा वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा प्रकाश, हाच लिहिणारा. तिसरा औंढा नागनाथकडचा मारोती, घरी मेंढरं असलेला. आणिक काही नावं होती, पण ती नुसती नावंच. माणूस कुणी बघितला न्हाई. प्रकाश अन् मारोती घरून ज्वारी आणायचे, दाळ आणायचे, अन् आमच्याच खोलीवर जेवायचे. मी भाकरी थापायची.

शिकवायला एकच सर. नांदेडहून एस.टी.नं यायचे. पोरगेलेसेच होते. शर्टाला कडक इस्त्री अन् बूट धुळीनं माखलेले.

एकदा सर जहाजानं माल कसा जातो ते शिकवून राहिले होते. बंदर काढलं, गोदी काढली, जहाजाला धूरबी काढला. मारोतीनं हात वर केला. "सर, समुद्र केवढा असतो?"

सर थांबले. खिडकीतून भायेर बघितलं. भायेर नुसत्या बाभळी. म्हणले, "सिद्धेश्वर धरण बघितलंय का?"

"व्हय सर. मेंढरं घेऊन जातो तिकडं."

"त्याच्यापेक्षा मोठा. पलीकडचा काठच दिसत नाही."

"भरल्या धरणाचाबी दिसत न्हाई, सर. तुमी काठाला उभे होते तवा समुद्राचा अजिबातच दिसला न्हाई का?"

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणले, "मी समुद्र अजून बघितलेला नाही."

वर्गात चार माणसं, अन् चौघंबी त्या फळ्यावरच्या जहाजाकडं बघत बसले. पोरांना वाटलं, आता सर जातात उठून. मंग सरांनी खडू उचलला, घसा खाकरला अन् म्हणले, "असो. लिहून घ्या. जहाज निघालं."

* * *

मारोतीचा बाप एकदा पोराला भेटायला खोलीवर आला. खांद्यावर घोंगडं, अंगाला कोकरांचा वास. त्या दिवशी सरबी जेवायला होते. म्हाताऱ्यानं सरांना आधी हात जोडले, मंग विचारलं, "सर, एवढं शिकून माझं पोरगं करील काय?"

"निर्यात करील, मामा. माल बाहेर पाठवील."

"आमची मेंढरं जातातच की भायेर. ट्रकात घालून, हैदराबादला."

सर हसले. "मामा, हैदराबाद आपल्याच देशात आहे."

"असंल, सर. पण गेलेलं मेंढरू कधी वापस आलं न्हाई. तवा आमाला परदेशच वाटतो."

* * *

आता तो काट्याचा किस्सा. पुस्तकात एक धडा होता, परदेशी माणसासंग जेवायचं कसं. सर म्हणले, हे वाचून येत नाही, करून बघावं लागतं. नांदेडहून काटे, चमचे, सुऱ्या घेऊन ते थेट आमच्या खोलीवर आले. "आजी, जे केलं असेल ते वाढा."

केलं काय होतं? ज्वारीची भाकर अन् पिठलं!

सरांनी सांगितलं, काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. तोंडानं आवाज करायचा नाही. ताटाकडं बघायचं नाही, समोरच्याकडं बघून हसायचं.

प्रकाशनं भाकरीत काटा खुपसला तर अख्खी भाकर वर आली. तो तशीच धरून बसला, देवाच्या काठीवरल्या निशाणावानी. (थांबला बघा पेन!) सुनंदानं सुरीनं कापायला घेतली तर तुकडा उडून माझ्या पदरात. मारोतीनं पिठलं चमच्यानं संपवलं अन् भाकरीकडं नुसता बघत राहिला.

"काय झालं मारोती?"

"सर, जेवताना डावा हात लावला की माय मारायची."

"परदेशात चालतं. सवय करा."

मारोतीनं काटा ताटाच्या कडंला नीट ठेवला. म्हणला, "सर, तो परदेशी माणूस माझ्यासंग जेवायला बसंल ना, त्या दिवशी मी डाव्या हातानं जेवीन. तवर उजव्यानं जेवू द्या. लई भूक लागली."

सरांनीच काटे रुमालात गुंडाळले, हात धुतले अन् भाकर मोडली.

* * *

पुढं सरांच्या मनात आलं, पोरांकडं पासपोर्ट पाहिजे. सुनंदाचा बाप न्हाई म्हणला, मारोतीचे कागद जुळले न्हाईत. राहिला प्रकाश. त्यानं अर्ज केला. तांड्यावर पहिला पासपोर्ट!

पण घरी सांगितलं न्हाई. म्हणला, आल्यावर एकदम दाखवू.

झालं काय, पासपोर्टाच्या आधी चौकशीला पोलीस येतो. तो गेला तांड्यावर. तांड्यावर पोलीस आला की काय करायचं, हे तिथल्या लेकरालाबी शिकवावं लागत न्हाई. पिढ्यानपिढ्या ठरलेलं. पोलिसानं विचारलं, "प्रकाश कुठं राहतो?" पहिली बाई म्हणली, "कोण प्रकाश?" दुसरी म्हणली, "या नावाचं इथं कुणीच न्हाई." म्हातारे म्हणले, "आमी तर आईकलं न्हाई हे नाव." पोलीस घरोघर फिरला. शेवटी तो प्रकाशच्याच दारात आला. प्रकाशच्या मायनं काळजावर दगड ठेवून सांगितलं, "मला पोरगंच न्हाई, साहेब."

पोलिसानं तसंच कळवलं. असा माणूस या जागी राहत न्हाई.

सर म्हणले, "काही हरकत नाही, पुन्हा अर्ज कर."

प्रकाश म्हणला, "करतो सर. पण आधी मी आहे, हे मायला पटवावं लागंल."

* * *

दुसऱ्या वर्साला सरांनी ठरवलं, नुसतं पुस्तक बस झालं, खरा माल पाठवून बघू. कोणता माल? आमच्या कुरुंद्याची हळद! एक जरी सौदा जमला, तर मुलाखतीत सांगायला काहीतरी होईल, सुनंदाची नोकरी पक्की, असं सर म्हणले. पोरीच्या तोंडावर मी तवा पहिल्यांदा उजेड बघितला.

तिघं कम्प्युटरवाल्याकडं बसून देशोदेशीच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत लिहायचे. अर्धं झालं की लाईट जायची. लाईट आली की पहिल्यापासून पुन्हा. उत्तर कुणाचंच येईना. खाली फोन नंबर दिला होता आमच्या घरमालकीण काकूचा, कारण फोन तिच्याच घरी.

एका दुपारी पोरं कॉलेजात असताना फोन वाजला. काकूनं उचलला. तिकडून इंग्रजी! काकूला इंग्रजी कशाचं? पण दारी आलेला माणूस अन् फोनवर आलेला माणूस बोलल्याबिगर सोडायचा न्हाई, ही तिची रीत. म्हणली, "पोरं न्हाईत घरी. जेवून गेले. तुमी जेवले का?" मंग त्याला पाऊसपाण्याचं विचारलं. मायबाप हयात आहेत का विचारलं. लेकरं किती, कोणत्या शाळेत, तेबी विचारलं. सवताच्या गुडघ्याचं सांगितलं. मी शेजारी दाळ निवडून राहिले होते. म्हणलं, "अगं, पोरांना बोलावून आणू का?" तर हातानंच मला गप बसवलं.

संध्याकाळी पोरं आली. ऐकून सुनंदा ओरडलीच. "काकू, तो व्यापारी होता हो! एवढ्यांना लिहिलं, त्यातला हा एकच! काय म्हणला तो?"

काकू म्हणली, "माणूस लई चांगला. मदी मदी बोलला न्हाई."

* * *

खरंच चांगला असावा. सरांनी माफीचं लिहून पाठवलं, तर त्याचं उत्तर आलं. हळदीचा नमुना पाठवा, बघू.

बाबारावनं घरची हळद आणली. एकेक कांडी निवडलेली, घासून चकाकवलेली. दोन वर्सांत तो पहिल्यांदा खोलीवर आला होता. मला भायेर बोलावून हळूच म्हणला, "आई, जमलं तर जमूनबी जाईल गं." माझाच पोरगा, पण सवताच्याच अटीत अडकलेला.

आता आमच्या घरची एक रीत आहे. हळदीचं पहिलं पोतं वसमतच्या बाजाराला निघालं की त्याची ओटी भरायची. सासरी निघालेल्या लेकीच्या पदरात नारळ, खण, तांदूळ घालतात, तसंच. वर्सभर लेकरावानी सांभाळलेली असती. उकडली, वाळवली, घासली. रिकामी कशी धाडायची? पोत्याचं तोंड शिवायच्या आधी सगळं आत घालायचं. वसमतचे व्यापारी जाणतात. पोतं सोडलं की नारळ काढून फोडतात, खोबरं वाटतात, मंगच भाव बोलतात.

अन् हा माल तर समुद्राच्या पलीकडं निघाला होता! काकूनं नवा खण आणला. मी तांदूळ घातले. पिशवीचं तोंड सुनंदानं धरलं होतं; ल्हानपणापासून तीच धरायची. मारोतीनं नारळाची शेंडी वर करून तो मदोमद बसवला. बाबारावनं हात जोडले. एवढी पुस्तकं वाचलेली तीन पोरं, पण कुणाच्या मनात काही आलंच न्हाई. आपल्या घरून लेक निघाली की ओटी भरायची, त्यात इचारायचं काय?

सर एका बाजूला उभं राहून सगळं बघून राहिले होते. प्रकाशनं सुईत दोरा ओवला, पहिला टाका घालणार, तेवढ्यात सर ओरडले, "थांब, थांब! सुपारी राहिली!"

* * *

मंग सुनंदा कॉलेजातून आली की आधी काकूच्या दारात. "फोन?" "न्हाई गं." पुन्हा दुसऱ्या दिवशी, "फोन?" परीक्षा जवळ आली तरी तेच.

फोन आलाच न्हाई. पार्सल आलं. आपलंच, वापस!

संग इंग्रजी कागद होता. सरांनी उभ्या उभ्या वाचला. हळदीत तांदूळ सापडले. कापड सापडलं. एक नारळ सापडला. अन् एक कडक बी सापडली, ती कशाची ते कळलं न्हाई. असला माल चालणार न्हाई, पुन्हा लिहू नये.

मारोतीनं नारळ कानाशी धरून हलवला. आतलं पाणी आटून गेलं होतं. "फोडायचा तरी होता लेकाच्यानं!"

प्रकाश म्हणला, "सर, चूक कुणाची धरायची?" सरांनी ती सुपारी उचलली अन् खिशात टाकली. सुनंदा खणाची घडी घालत बसली. घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

काकूला मात्र नवल वाटलं न्हाई. ती म्हणली, "येणारच की वापस! भरल्या ओटीनं गेलेली माहेरी येतीच. ओटी त्याच्यासाठीच तर भरतात!"

* * *

परीक्षा झाली. तिघं पास. सुनंदा पहिली आली. "तिघांत पहिली," असं तीच म्हणायची, म्हणून मला पेढे वाटू दिले न्हाईत.

हिंगोलीला कोणती कंपनी येणार? शेवटी औरंगाबादच्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. जागा एकच. बाबाराव म्हणला, "आई, मी पाहुणे थांबवून ठेवलेत. ही शेवटची." मी संग गेले. एस.टी.त पोरगी डोळे मिटून सगळ्या वाटानं देश घोकत होती. राजधानी, बंदर, तिथलं चलन.

तिथं बाकड्यावर इस्त्रीची पोरं ओळीनं बसलेली. अन् त्यांच्यात आमचे सर!

मला लई बरं वाटलं. म्हणलं, "सर, पोरीला धीर द्याया आले का?"

सर उठून उभे राहिले. काखेत फाईल. म्हणले, "नाही आजी. माझा नंबर सुनंदाच्या मागं आहे."

कॉलेजानं ती डिग्रीच बंद केली होती. शिकणारं कुणी न्हाई तर शिकवणारा कशाला?

सुनंदा आत गेली अन् चहा पिऊन होत न्हाई तर भायेर आली. मी म्हणलं, "काय विचारलं गं?"

"हिंगोली कुठं आहे, ते विचारलं. मी म्हणलं, परभणीच्या पुढं. ते म्हणले, मंजे नांदेड का? मी म्हणलं, नांदेडच्या अलीकडं, वाशीमच्या खाली. मंग ते आपसातच बोलत बसले, तिकडं रेल्वे जाती की न्हाई. तेवढ्यात वेळ संपली." जरा थांबून म्हणली, "आजी, मला जपानचं सगळं पाठ होतं गं."

तेवढ्यात सरांचं नाव पुकारलं. सर शर्ट खोचत निघाले. सुनंदा मागनं म्हणली, "सर, हिंगोलीचं नीट आठवून जा! तेच विचारतात!"

येताना तिघं एकाच एस.टी.त बसलो. सर खिडकीजवळ. जालना गेलं, मंठा गेलं. जिंतूर आलं तवा सर म्हणले, "सुनंदा, मला त्यांनी जपानचं विचारलं."

"मंग सर?"

"मी हिंगोलीच घोकत बसलो होतो."

* * *

मंग जो तो आपल्या रस्त्याला लागला. प्रकाश फाट्यावरच्या ढाब्याच्या गल्ल्यावर बसला. (लिही रे, लाज कशाची!) मी एकदा विचारलं, "कसं चाललंय?" म्हणला, "झक्कास, आजी. पंजाब येतं, राजस्थान येतं, तमिळनाडू येतं. देश पुरा झाला. आता परदेशच तेवढा राहिला."

मारोती बापाच्या मेंढरांमागं गेला. त्याचा बाप मला औंढ्याला देवळाभायेर भेटला. म्हणलं, "दादा, मेंढरू गेलं की वापस येत न्हाई म्हणायचे. पोरगं तर आलं की वापस!"

म्हातारा घोंगडं नीट करत म्हणला, "व्हय, आलं. अन् मेंढरांसंगबी बोलत न्हाई."

* * *

बाबारावनं पाहुणे बोलावले. पोरगा दहावी झालेला, रान चांगलं, सुपारीचंबी व्यसन न्हाई. नाव ठेवायला जागाच न्हाई, हीच तर पंचाईत होती.

पाहुणे यायच्या आधी बाबाराव सैपाकघरात आला. सुनंदाकडं न बघता म्हणला, "बारावी सांग. पोरापेक्षा लई शिकलेली म्हणलं की लोक बिचकतात." प्रकाश अन् मारोती चहा-पोहे द्यायला आले होते, आता ते घरचेच. दोघांनी ऐकलं. मीबी ऐकलं.

सुनंदा पाटावर बसली. पाहुण्यानं विचारलं, "शिक्षण?"

"बारावी."

"बारावीला तर लई वर्सं झाली असतील. मंग काहून घरी बसली? काय केलं मदी?"

प्रकाश हातात ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. सुनंदा खाली बघत म्हणली, "आजीसंग हिंगोलीला राहिले. सैपाक शिकले."

पाहुणीबाई खुश! "असं का? काय काय येतं, बाई?"

सुनंदानं मान वर केली. आधी मारोतीकडं बघितलं, मंग प्रकाशकडं. म्हणली, "पिठलं-भाकर. दोन्ही हातांनी."

पसंती झाली.

* * *

लग्न कुरुंद्यातच झालं, दारात मांडव घालून. सर नांदेडहून आले होते. शर्टाला इस्त्री, बूट तसेच. काकू दोन दिवस आधीच येऊन बसली होती. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, जीप दारात लागली. सुनंदा दिवसभर रडली न्हाई. बाया एकमेकींना कोपरानं ढोसून राहिल्या होत्या. बाबाराव मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आत येईना.

ओटी भरायचा मान माझा. सुनंदा माझ्यासमोर पदर पसरून बसली. काकूनं ताट धरलं. खण तोच होता, पार्सलातून वापस आलेला. सुनंदानंच पेटीतून काढून ताटात ठेवला होता. मी नारळ घातला, खण घातला. सुपारी दिसंना. सर पुढं झाले, खिशातून सुपारी काढली अन् ताटात ठेवली. मंग मी तांदूळ घालायला लागले. पाच मुठींची रीत. निम्मे दाणे खाली सांडायचे. पाचवी मूठ घातली अन् मी तिचा पदर मिटायला गेले.

तिनं माझं मनगट धरलं.

म्हणली, "अजून टाक, आजी. भरपूर टाक. मंजे माल वापस येईल."

मी काकूकडं बघितलं. म्हणलं, "तांदळाचा डबाच आण."